झामसिंगबापूंची नववी जागा

झामसिंगबापूंनी कुठलीही वस्तू पाहिली की त्यांच्या मनात पहिला प्रश्न एकच येई: यात माणसं किती बसतील? गोंदियात नव्या बांधलेल्या धान्याच्या गोदामापाशी ते असेच उभे राहिले होते, लग्नघरातल्या मोठ्या कढईपाशीही उभे राहिले होते. माझ्या मुर्रीच्या घराची नवी ओसरी मी कौतुकाने दाखवली, तेव्हा खांबावरच्या नक्षीकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, मान हलवली आणि म्हणाले, "पंगतीले चौदा. लेकरं असली तं सोळा." माझ्या बायकोला हा माणूस तिथल्या तिथे आवडला. मला मात्र त्या ओसरीकडे पाहिलं की आजही आधी पंगत दिसते, मग नक्षी.

बापू दवनीवाड्याचे पोवार. घरी धानशेतीच्या चांगल्या बांध्या, गडीमाणसं, गोठाभर बैल. हौस मात्र गाड्या बनवायची. लग्नाला जायची छपराची रेंगी असो नाहीतर धान वाहायचा खाचर, पंचक्रोशीत बापूंच्या हातची गाडी ओळखू यायची, कारण तिच्यात बसलेल्या माणसाची कंबर घरी पोचेपर्यंत शाबूत असायची. भाऊबंदांना ही हौस पटत नसे. "आपले पूर्वज माळव्यातून तलवारी घेऊन आले, अन् हा रंधा घेऊन बसला," असं एका चुलतभावाने भर बैठकीत सुनावलं होतं. बापूंनी रंधा थांबवला नाही. नुसतं विचारलं, "तलवारीवर बसता येते काय गा?"

हा माणूस सरकारी कारखान्यात मिस्त्री म्हणून यायचं काही कारण नव्हतं. पण लढाई चालू होती आणि त्यांचा एकुलता एक मुलगा टेकचंद पलटणीत भरती होऊन ब्रह्मदेशाच्या बाजूला गेला होता. लढाईच्या त्या शेवटच्या काळात मुर्रीच्या अलीकडे, रेल्वेच्या सायडिंगला लागून असलेल्या आमराईत लष्कराने एक तात्पुरता कारखाना थाटला. मालगाडीच्या उघड्या डब्यांवरून लहान आकाराचे जुने रणगाडे तिथे येत. इंजिनं धडधाकट, पण तोफा जुन्या जमान्यातल्या. क्रेनने त्यांचा वरचा फिरता टोप तोफेसकट उचलायचा, आत मोकळ्या झालेल्या जागेत बाकं बसवायची आणि गाडी पुन्हा मालगाडीवर चढवायची. आघाडीवर शिपायांना उघड्या रानातून गोळ्यांसमोर पायी जावं लागे. आता ते या लोखंडी भिंतींच्या आड बसून जाणार होते. दवनीवाड्याला ही बातमी पोचली त्याच्या दुसऱ्याच दिवशी बापू वाकस, रंधा आणि पानाची चंची घेऊन फाटकाशी हजर झाले.

मी त्या कारखान्यात भांडारावर होतो. किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला, म्हणून बापू मला मुनीमजी म्हणत. मी मुनीम नाही, स्टोअरकीपर आहे, असं मी त्यांना पुष्कळदा सांगितलं. "किल्ली ज्याच्या कंबरेले, तो मुनीम," असा त्यांचा निकाल होता आणि त्यावर अपील नव्हतं.

पहिल्या दिवशी त्यांनी रणगाड्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. बाजारात मडकं घेताना वाजवून पाहतात तसं बोटाने दोन-तीन ठिकाणी वाजवलं. मग पंजाबकडचे आमचे जमादारसाहेब, जे सगळ्या मिस्त्रींवर होते, त्यांना विचारलं, "याच्यात आतापरयंत बसत कोन होतं?"

"चार आदमी."

"एवढ्या मोठ्या गाडीत चार?" बापूंना खरोखर धक्का बसला. "बाकीची जागा काय वाया घालवून राहिले होते?"

"तोप के लिए थी, मिस्त्री."

"तोफेले बसाले जागा अन् मानूस बाहेर पायी," बापू मला म्हणाले. "मुनीमजी, ह्या लढाईचं कायी खरं नाई."

काढलेले टोप आमराईत आंब्याच्या झाडांखाली रांगेने पडून असत. लष्कराला त्यांचं पुढे काय करायचं ते ठरवता येत नव्हतं. मुर्रीच्या बायकांना आलं. त्यावर मोहफुलं वाळायला लागली, वड्या पडायला लागल्या. एका उलट्या पडलेल्या टोपात कुणाची तरी शेळी व्याली आणि पहारेकऱ्याने जमादारसाहेबांना तशी रीतसर खबर दिली. सगळा कारखाना हसला. बापू मात्र वाकून आत पाहून आले आणि समाधानाने म्हणाले, "दोन पिलं अन् शेळी. मावली."

'मावलं पाहिजे' हा त्यांचा मंत्रच होता. पुढे एकदा पोळा आला. त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, हे इकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. बापूंनी त्याच न्यायाने रणगाड्याचं इंजिन सुरू करू द्यायला नकार दिला. "हे बी ओढतेच ना? मंग आज याले बी सुटी." जमादारसाहेब लालबुंद झाले. पण बाकीचे निम्मे कामगार पोळ्याला घरी पळाले होते, त्यामुळे इंजिन सुरू करायला कुणी उरलंही नव्हतं. दुपारी जमादारसाहेब स्वतः मला म्हणाले, "चलो, छुट्टी दे दी बैल को." जाताना पाहिलं तर रणगाड्याच्या पुढच्या लोखंडी आकड्याला आंब्याचं तोरण आणि वर गेरूचे दोन ठिपके होते. ते पुसायला कुणी सांगितलं नाही आणि गाडी तशीच पुढे रवाना झाली. ब्रह्मदेशात त्या ठिपक्यांचा काय अर्थ लावला गेला असेल, देव जाणे.

आता सुरुवातीच्या दिवसांतली बापूंची एक फजिती सांगतो. ती सांगितल्याशिवाय बापू कळायचे नाहीत.

आमच्या कॅप्टनसाहेबांनी कागदावर आखून दिलं होतं: आत दोन्ही बाजूंना बाकं, चार इकडे, चार तिकडे, एकूण आठ शिपाई. बापूंनी तो कागद उलटासुलटा करून पाहिला. मग रिकाम्या गाडीत उतरून बराच वेळ बसून राहिले. मी भांडाराच्या दारातून पाहत होतो. वर आले ते अस्वस्थ होऊन.

"एका तुकडीत मानसं किती राहतेत जी?" त्यांनी जमादारसाहेबांना विचारलं.

"दस, बारह."

"अन् बसते आठ. मंग बाकीचे चार?"

"पैदल."

बापूंच्या डोक्यात ते चार जण जाऊन बसले. संध्याकाळी कुलपं लावताना माझ्यापाशी येऊन म्हणाले, "मुनीमजी, त्या आठात माहा टेकचंद नसन तं? तो मांगे राहनारा पोट्टा हाये. जेवाले बी सगळे बसल्यावर बसते. तो आठात येनारच नाई."

कॅप्टनसाहेब तेव्हा आठ-दहा दिवसांसाठी कामठीला गेले होते. तेवढ्यात बापूंनी पहिली गाडी आपल्या अकलेने केली. बाकं लावलीच नाहीत. तळाला सपाट फळ्या, त्यावर धानाच्या तणशीचा जाड थर, वर गोणपाट, थेट लग्नाच्या रेंगीसारखं. मांडी घालून बसलं की बारा माणसं आरामात. बापूंनी कारखान्यातली बारा माणसं बसवून दाखवली, मलाही कोंबलं. खरं सांगतो, त्या कारखान्यात त्याहून सुखाची जागा नव्हती. जमादारसाहेब आधी कुरकुरले, पण आठाचे बारा झाले म्हटल्यावर त्यांनाही वरून शाबासकी दिसायला लागली.

कॅप्टनसाहेब परतले ते एकटे नव्हते. बरोबर नागपूरहून एक बडे साहेब, काम पाहायला आलेले. बारा शिपाई बोलावले गेले. पाठीवर पिशव्या, पायात बूट, हातात बंदुका. एकामागून एक वर चढले आणि आत उतरले. मांडी घालताना त्यांची जरा ओढाताण झालेली मला दिसली, पण मी गप्प बसलो. आनंदाच्या वेळी कोण बोलतं? गाडी सुरू झाली. आमराई ओलांडून धानाच्या बांधीत उतरली, धुऱ्याच्या बांधावर चढली, पुन्हा उतरली. धूळ उडवत लांबवर फिरून परत आमच्यासमोर येऊन उभी राहिली. कॅप्टनसाहेबांनी शिट्टी फुंकली. म्हणजे शिपायांनी झटकन बाहेर उड्या मारायच्या.

कोणीच बाहेर आलं नाही.

मग एक डोकं वर आलं आणि पुन्हा खाली गेलं. दुसरा कठड्यावर पोटावर आडवा झाला आणि वाळत घातलेल्या धोतरासारखा तिथेच लोंबत राहिला. आतून बंदुकांचा खडखडाट आणि निरनिराळ्या भाषांतल्या शिव्या ऐकू येत होत्या. पायाला मुंग्या आलेल्या, बूट एकमेकांत अडकलेले, पिशव्यांचे पट्टे गुंतलेले. एक जण उतरला तो उभाच राहू शकला नाही, जमिनीवर बसून पोटऱ्या चोळायला लागला. बडे साहेब हसायला लागले, इतके की त्यांना चष्मा काढावा लागला. ते हसल्यावर आम्हीही हसलो. मीही हसलो, पोट धरून.

जमादारसाहेब हसले नाहीत. ते लढाई पाहून आलेले होते. ते बापूंजवळ गेले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "मिस्त्री, ये सब लड़के गए. एक भी नहीं बचा."

बापूंचा चेहरा मी तेव्हा पाहिला. पुन्हा तसा पाहायची इच्छा नाही.

त्यांना कोणी रागावलं नाही. कॅप्टनसाहेबांनी एवढंच सांगितलं की कागदाप्रमाणे करा. बडे साहेब गेले, दुपारची घंटा झाली, माणसं भाकरी खायला आंब्याखाली पांगली. बापू जेवले नाहीत. ते जमादारसाहेबांपाशी गेले आणि त्यांच्याकडे त्यांचे बूट मागितले. जमादारसाहेबांनी का म्हणून विचारलं नाही, बूट काढून दिले. बापू उभ्या आयुष्यात चपलेच्या वर गेलेले नव्हते. त्यांनी ते बूट चढवले, त्या गाडीत उतरले, मांडी घातली आणि मला म्हणाले, "वरतून शिट्टी मार."

"कधी मारू?"

"मी सांगत नाई. तुले वाटन तवा. गोळी काय सांगून येते?"

मी मुद्दाम पुष्कळ वेळ थांबलो. पान खाऊन घेतलं. मग तोंडात बोटं घालून शिट्टी मारली. बापू उठले, बुटाची टाच धोतरात अडकली आणि ते तोंडावर आपटले. वर यायला त्यांना मी हात दिला. कपाळाला खोक पडली होती. ते कठड्यावर बसले, बूट पायातच होते. त्यांच्याकडे पाहत म्हणाले, "मुनीमजी, आपल्याकडचा मानूस कुठं बी बसला तं चप्पल काढून बसते. मी तेच धरून चाललो. पन माहा पोरगा आता बूट घालते."

सकाळी मी ज्या गोष्टीला हसलो होतो ती गोष्ट मला तिथे कळली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

त्यानंतर बापूंनी बरेच दिवस कागदाबाहेर फळी मारली नाही. बाकं कागदाप्रमाणे, पाय टाकायच्या पायऱ्या कागदाप्रमाणे. एक रिवाज मात्र त्यांनी स्वतःचा घातला: तयार झालेल्या प्रत्येक गाडीत आधी ते स्वतः बूट घालून बसणार, गाडी बांधीतून फिरवून आणायची आणि शिट्टीला त्यांनी उडी मारून बाहेर यायचं. पन्नाशी उलटलेला माणूस धोतराचा काचा मारून रणगाड्यावरून उडी मारतो, हे पाहायला मुर्रीची अर्धी वस्ती फाटकाशी जमू लागली. त्यासाठी त्यांनी माझ्या भांडारातून बुटांचा एक जुना जोड कायमचा लंपास केला होता. मी विचारलं की म्हणत, "सरकारी कामालेच घालतो ना जी?"

आठाचे मात्र आठच राहिले आणि त्यांना ते खुपत होतं. रोज गाडीत उतरून ते एखादा कोपरा न्याहाळत. "इथं अर्धा मानूस मावते. अर्धा मानूस कुठून आनू?" मागच्या बाजूला हत्यारांची एक पेटी असे, नटबोल्टचे पाने आणि हातोड्या ठेवायची. एके दिवशी बापूंनी ती पेटी जरा बुटकी केली, जरा सरकवली, तिचं झाकण सागाचं केलं आणि वर गोणपाटाची जाड गादी ठोकली. हत्यारं आत तशीच.

कॅप्टनसाहेब तपासणीला आले. त्यांची नजर गादीवर गेली.

"ये क्या है?"

"पेटी," बापू म्हणाले.

"ऊपर गद्दी क्यों?"

बापू गडबडले. जमादारसाहेब पुढे आले, टाच जुळवली आणि चेहऱ्यावरची रेष न हलवता म्हणाले, "साहब, औज़ार बजते हैं. आवाज़ से दुश्मन को पता चलता है."

कॅप्टनसाहेब आत उतरले आणि पेटीवर बसले. पाय पसरून पाहिले, मान खाली घालून कठड्याआड डोकं लपतं का पाहिलं. मग त्यांनी जमादारसाहेबांना शिट्टी वाजवायला सांगितली आणि ती वाजताच एका झेपेत बाहेर आले. हात झटकत म्हणाले, "सब गाड़ी में ऐसा पेटी लगाओ. आवाज़ नहीं होना चाहिए." आणि निघून गेले.

त्या दिवशी बापूंनी सगळ्या कारखान्याला चिवडा आणि चहा दिला. मला चहाचा दुसरा कप भरून देताना म्हणाले, "आता टेकचंद मांगे राहिला तरी बसन. नववा तो."

किती गाड्या गेल्या, त्यांचा हिशेब माझ्याकडे होता, पण आता आठवत नाही. मालगाडी निघाली की बापू सायडिंगवर उभे राहून प्रत्येक गाडीकडे पाहत. टेकचंदची खबर त्या काळात फार थोडी येई, आणि आली तरी 'खुशाल आहे' एवढीच. पण बापूंना त्याची काळजी पूर्वीइतकी वाटत नसे, असं मला दिसत होतं. मुलाची जागा आपण करून ठेवली आहे, मग चिंता कसली, अशा हिशेबाने ते पान लावत.

लढाई संपली. कारखाना जसा आला तसा एक दिवस उठून गेला. आमराईत चाकोऱ्या आणि काळं तेल तेवढं मागे राहिलं. बापू दवनीवाड्याला परतले. मी गोंदियातच एका धानाच्या मिलमध्ये लागलो. मग एका हिवाळ्यात त्यांचा निरोप आला: टेकचंद सुटून येतो आहे, ठेसनावर या.

गेलो. बापू पांढरंशुभ्र धोतर नेसून फलाटावर आले होते. बाहेर गाडीवानाजवळ बैलगाडी उभी होती. आगगाडी आली, पुष्कळ शिपाई उतरले आणि त्यांतला शेवटून उतरलेला टेकचंद होता. वाळलेला, काळवंडलेला, पण हातापायांनी धड. तो बापाच्या पायांवर वाकला. बापूंनी त्याला उठवून दोन्ही दंडांना धरलं आणि घरचं, आईचं काही बोलायच्या आधी विचारलं, "बसला होता काय गा आमच्या गाडीत?"

"कोनत्या गाडीत, बाबूजी?"

"टँकाची. वरचा टोप काढलेली. आत बाकं राहतेत, मांगे पेटी."

"हाव हाव, तशा गाड्या!" टेकचंद हसला. "पाह्यल्या एक डाव. दुसऱ्या पलटनीच्या होत्या. आमाले कुठच्या गाड्या जी? आमी पायीच. जाताना पायी, येताना पायी."

मला टेकचंदचा राग आला. खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं? बापू त्याचे दंड धरून तसेच उभे राहिले. फलाटावरची गर्दी त्यांना धक्के देत जात होती आणि त्यांच्या ते लक्षात येत नव्हतं. मग त्यांनी विचारलं,

"भरून होत्या काय?"

"काय?"

"त्या गाड्या. भरून चालल्या होत्या का खाली?"

"भरून जी! ठासून भरल्या होत्या."

"मंग झालं," बापू म्हणाले. त्यांचे डोळे भरून वाहत होते आणि ते हसतही होते. "कोनाचे तरी पोट्टे बसले ना."

बाहेर आलो. गाडीवानाने बैल जुंपले. टेकचंदने आपली वळकटी गाडीत टाकली, पण स्वतः चढेना. म्हणाला, "बसलो का पाय दुखते, बाबूजी. सवय मोडली. चालतोच मी." दवनीवाडा काही जवळ नाही. बापूंनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा मुलाकडे, आणि धोतर जरा वर खोचलं. गाडीवानाला म्हणाले, "तू ये मांगून."

मी ठेसनाच्या पायरीवर उभा राहून पाहत होतो. दवनीवाड्याच्या रस्त्याने बापलेक बोलत चालले होते आणि त्यांच्या मागून नुसती वळकटी घेऊन रिकामी गाडी येत होती. वळणापर्यंत बापूंनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं नाही.